जाड फळी आणि बारीक पाते

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन की, पुढील पृष्ठांत लाकडी चित्रकोडी तयार करणाऱ्या एका गृहस्थाची कथा सांगण्यात येत आहे. तीत फळी कोणती निवडावी, पाते किती बारीक असावे, कडा घासाव्यात की न घासाव्यात, या बाबींचा ऊहापोह यथास्थित येईल. आणि त्या सर्व बाबींच्या आड त्या गृहस्थाच्या जिवाची जी तगमग चालली होती, तीही यथाशक्ती कथन केली जाईल. लाकडाचे वर्णन आले म्हणून वाचकाने पाने उलटून पुढे जाऊ नये, ही विनंती. कारण त्याची तगमग त्या लाकडातच होती.

आपल्या कथेचा नायक हा कोडेकार. चित्रे फळीवर चिकटवावीत, करवतीने त्यांचे तुकडे करावेत आणि लोकांना ते पुन्हा जुळवण्यासाठी विकावेत, हा त्याचा उद्योग. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली त्याची करवत बसवलेली होती. तिचे पाते एवढे बारीक की प्रथम पाहणाऱ्यास तो ताणून बांधलेला केस वाटावा. त्या उभ्या पात्यापुढे फळी हळूहळू फिरवावी लागे. फळी वळेल तशी कापाची रेघ वळे, आणि प्रत्येक तुकड्याला कुठे बाहेर आलेली मुंडी तर कुठे आत गेलेली खाच प्राप्त होई. एकाची मुंडी दुसऱ्याच्या खाचेत शिरली म्हणजे जुळणी झाली. मग तो प्रत्येक तुकड्याची कड पॉलिशपेपरने घाशी, इतकी की तुकडा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होई. या गुळगुळीतपणाचा त्याला फार अभिमान होता.

या घरात एक रीत होती. कापून झालेले कोडे पिशवीत भरायचे, चित्र दडवून ठेवायचे, आणि कोडेकाराच्या पत्नीने ते मधल्या खोलीतील मेजावर जुळवून पाहायचे. तिने पसंत केल्यावाचून कोणतेही कोडे घराबाहेर जात नसे. कोडेकाराला स्वतःला ही परीक्षा करता येणे अशक्य होते. प्रत्येक वळण त्याच्या हातांच्या लक्षात राही. आपण विणलेल्या जाळ्यात कोळी कधी अडकतो काय? ती मात्र अडके, चिडे, आणि आतून ओरडे, "अहो, हे गवत कापताना झोप लागली होती का तुम्हाला? सगळे तुकडे एका साच्यातले!" किंवा, "ह्या घोड्याच्या मानेवरून करवत फिरवायची म्हणजे तुम्हाला काळीज नाही!" दुसरे वाक्य ही स्तुती असे. संसारात इतर जोडपी ज्या गोष्टी बोलून घेतात, त्या या दोघांनी त्या मेजावरूनच बोलून घेतल्या होत्या.

पुढे ती दीर्घ आजारातून उठली. हिंडूफिरू लागली, स्वयंपाक करू लागली, भावाशी भांडू लागली. डॉक्टर म्हणाले, उत्तम. परंतु मेजापाशी ती बसेना. कोडेकाराने पिशवी पुढे केली की म्हणे, "ठेवा तिकडे. बघते नंतर." नंतर काही येत नसे. अखेर एकदा तिने स्पष्टच सांगितले, "मला कंटाळा आलाय त्याचा. जन्मभर तेच करू का?"

माणूस कंटाळू शकतो, हे कोडेकारास मान्य होते. ही कंटाळली, हे मात्र त्याच्या गळी उतरेना. त्या दिवसापासून त्याचे आसन अस्थिर झाले. कापता कापता उठावे, खिडकी लावावी, पुन्हा उघडावी, धड असलेले पाते काढून नवे लावावे आणि पुन्हा जुनेच बसवावे, असे चाले. आतून मेजाची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो काय, इकडे त्याचे कान लागलेले असत. कोडी तशीच, न तपासता, बाहेर जाऊ लागली.

परिणाम व्हायचा तो झाला. नाक्यावरचा घड्याळजी हे जुने गिऱ्हाईक. गिऱ्हाइके नसली की दुकानात कोडे मांडून बसणारा. तो एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"काय हो कोडेवाले, तुमच्या आकाशात जुळी भावंडं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्या जागी तो बसतो आणि त्याच्या जागी हा. मी आपला खुळ्यासारखा बसलोय. शेवटी एक ढग उलटा. वहिनींच्या हाताखालून गेलेलं दिसत नाही हे."

"गेलंय की," कोडेकार म्हणाला. आयुष्यात त्याला खोटे बोलण्याचा सराव नव्हता, त्यामुळे त्याचे कान तांबडे झाले.

"मग वहिनींचा चष्मा बदला," असे म्हणून, पिशवी त्याच्या हाती देऊन, घड्याळजी हसत निघून गेला.

कोडेकार ती पिशवी घेऊन तडक आत निघाला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असा त्याचा निर्धार होता. परंतु मधल्या दाराशी त्याची पावले थबकली. पत्नी मेजापाशी बसली होती, पाठमोरी. तिच्यापुढे एका जुन्या कोड्याचे तुकडे पसरलेले होते. म्हणजे कंटाळा वगैरे सर्व थोतांड होते तर! त्याचे मन उचंबळून आले; आणि तेवढ्यात त्याने तिचे हात पाहिले.

ती एक तुकडा उचलू पाहत होती. बोटे त्यावर टेकत, चिमटीत धरल्यासारखी करीत, वर येत, आणि तुकडा खालीच असे. तिने पुन्हा तेच केले. पुन्हा तेच झाले. मग तिने तो तुकडा तळव्याने मेजाच्या काठापर्यंत सरकवत नेला, काठाखाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरली, आणि तुकडा तीत पाडला. ओंजळीत आहे की नाही, हे तिला डोळ्यांनी पाहून घ्यावे लागले. त्यानंतर तिने सर्व तुकडे पिशवीत लोटून दिले.

आजाराने तिच्या बोटांची अग्रे बधिर केली होती. अलीकडे घरात पेले का फुटत होते आणि साखर सांडली की ती भांड्यालाच का शिव्या देत होती, हे कोडेकारास एका क्षणात उमगले. तो आला तसा पाय न वाजवता मागे फिरला. करवतीसमोर बसला, पण पायाखालची जमीन कुणी कापीत आहे असे त्यास वाटत राहिले.

तिने सांगितले नव्हते, म्हणून आपणही विचारायचे नाही, असे त्याने ठरवले. आपल्याला बोलता येत नाही, लाकूड तर कळते. तिच्या बोटांना सापडेल असा तुकडा आपण घडवू. ती आपोआप मेजाशी येईल. या विचाराने त्याला थोडी उभारी आली आणि पुष्कळ अधिक अस्वस्थता आली.

लाकडाची वखार त्याच्या मेहुण्याची, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाची होती. हा मेहुणा तोंडाने फटकळ, परंतु मनाने स्वच्छ होता.

"या भाऊजी! आज काय, नेहमीचा पातळ प्लाय?"

"नाही. जाड काहीतरी दाखव. हातात भरेल असं."

"कोडं करताय की दरवाजा?"

"दाखव म्हटलं ना!"

प्रथम त्याने अक्रोडाचे भरीव लाकूड नेले. रंग सुंदर, वजन सुंदर, हाताला ऊब येईल असे. परंतु भरीव लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावतात. त्यांच्या आडव्या अंगाला जी मुंडी येते, तिची मान कच्ची राहते. पहिले काही तुकडे जुळवून पाहताच मुंड्या काडीसारख्या तुटून खाचेत अडकल्या. प्लायमध्ये एक थर उभा तर दुसरा आडवा चिकटवलेला असतो, आणि त्यामुळेच त्याची नाजूक मुंडीदेखील तग धरते, हे तो नवशिक्यांना नेहमी सांगे. तगमगलेल्या मनुष्याला स्वतःचेच ज्ञान आठवत नाही.

मग त्याने एमडीएफ नेले, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. ते लोण्यासारखे कापले गेले, खोली पिठाच्या गिरणीसारखी धुळीने भरली, आणि तुकडे निघाले ते गुळगुळीत व जड. त्याने डोळे मिटून एक तुकडा चाचपला. बोटांना काहीच सांगत नव्हता तो. शिवाय घामट हात लागताच त्याच्या कडा फुगल्या.

तिसऱ्या खेपेस मेहुणा वखारीच्या दारात आडवा उभा राहिला.

"भाऊजी, तुम्ही लाकूड न्यायला येता की माझी झाडाझडती घ्यायला? अक्रोड नेलं, एमडीएफ नेलं. आता काय, खांब नेणार?"

"सगळ्यात जाड प्लाय दे."

"तुमच्या त्या केसाएवढ्या पात्याने? बाक येईल त्याला."

"ते मी बघतो."

मेहुण्याने फळी काढून दिली, पण हातातून सोडली नाही. त्याचा आवाज उतरला. "ताईला काही झालंय का? परवा आली होती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता तिने. मी विचारलं तर मला म्हणाली, तुझी वखार सांभाळ."

"मला पण तेच म्हणेल," कोडेकार म्हणाला आणि फळी ओढून घेऊन चालता झाला.

मेहुण्याचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. जाड प्लायमध्ये बारीक पाते मधोमध वाकले, काप तिरका गेला, आणि तुकडे एकाच बाजूने बसत व दुसऱ्या बाजूने पाचरीसारखे अडून राहत. त्याने रुंद पाते लावले. रुंद पात्याला लहान वळण घेता येईना. तेव्हा तुकडे मोठे करणे आले. मोठे तर मोठे, असे म्हणून त्याने तळहाताएवढे तुकडे केले. त्यांवर चित्र कोणते शोभणार? त्याच्या संग्रहात कोंबडी आणि तिची पिले असे एक चित्र होते, ते त्याने चिकटवले. कडा घासल्या, पुन्हा घासल्या, आरशासारख्या केल्या. काहीतरी चुकते आहे, असे त्याचे मन सांगत होते. परंतु हात थांबले असते तर मनाचे ऐकावे लागले असते, म्हणून त्याने हात थांबवले नाहीत.

दुपारी जेवणे आटोपल्यावर त्याने ते कोडे मेजावर मांडून ठेवले आणि स्वतः भिंतीवरचे कॅलेंडर वाचल्याचे सोंग केले.

पत्नी आली. उभी राहून तिने तुकडे पाहिले.

"हे कुणाचं?"

"तुझं. म्हणजे, बघ जरा, कसं वाटतंय."

"कोंबडी."

"हो. रंग छान आहेत त्यात."

"आणि हिची पिल्लं. एक, दोन... अहो, मी अजून मोजू शकते. डोकं बधिर नाही झालेलं माझं."

तो शब्द तिच्या तोंडून गेला आणि खोलीत तसाच राहिला. कोडेकाराला वाटले, आता खाली बसावे. परंतु त्याला खुर्ची दिसेना.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारले.

"घड्याळजी आला होता तेव्हा. तू तुकडा काठावरून पाडलास."

"आणि तेव्हापासून तोंडात गुळणी धरून बसलात!"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सोपं करत बसला असता. न सांगता पण तेच केलंत!" तिने एक पिलू दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे आदळले. "मला कळतं हो काय कुठे बसतं. लांबून दिसतं मला. हातात येत नाही, एवढंच आहे. तर तुम्ही माझी अक्कलच काढलीत. आता उद्या काय, दात येताना चघळायला देतात तसं देणार?"

हे ऐकून कोडेकाराला हसू आले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. अशा प्रसंगी पुरुषाने काय करावे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो पुढच्या खोलीत गेला, वाया गेलेल्या तुकड्यांचे खोके उचलून आणले, आणि मेज कोंबडीने अडवलेले असल्यामुळे ते शेजारच्या पलंगावर, लोकरीच्या कांबळ्यावर, ओतले.

"मग तूच सांग," तो म्हणाला. "मला येत नाही हे. हे सगळं मी करून बसलोय. तूच निवड."

ती फणकाऱ्यात पलंगाच्या कडेला बसली. परंतु जिची जन्मभराची सवय तुकडे पाहण्याची, तिला पुढ्यात ढीग असताना फणकारा कुठवर टिकवता येणार? तिने डोळे मिटले आणि हात घातला.

"हे काय?"

"अक्रोड."

"ऊब आहे ह्याला. मुंडी कुठे गेली?"

"तुटली."

"तुटणारच. हे तुम्हाला मी सांगायचं?" दुसरा तुकडा घेतला. "हे नको. साबण धरल्यासारखं आहे. हातात आहे की नाही तेच कळत नाही."

"एमडीएफ."

"फेकून द्या." तिने तिसरा घेतला, आणि थांबली. बोटात घोळवला. पुन्हा घोळवला. "हा कोणता? हा कळतोय मला."

कोडेकार वाकून पाहू लागला. तो तिरक्या कापाच्या जाड प्लायचा फुकट गेलेला तुकडा होता. वाया गेला म्हणून त्याने तो घासलाच नव्हता. करवतीखालून जसा निघाला तसाच होता. कडेला थरांच्या रेघा, बारीक खरखर, बोचरी धार.

"हा घासलेला नाही," तो चाचरत म्हणाला. "कच्चा आहे."

"मग घासू नका ना! ही धार टोचते, म्हणून कळतं मला, की धरलंय. तुम्ही घासून घासून सगळं निसरडं करता आणि मला वाटतं, बोटं गेली."

एवढ्या वर्षांच्या अभिमानावर हा घाव होता. कोडेकार काही बोलणार, तोच त्याला दुसरीच एक गोष्ट दिसली, आणि तीही तिच्या लक्षात त्याच क्षणी आली. या सर्व वेळात ती तुकडे सहज उचलत होती. कांबळे मऊ असल्यामुळे तुकड्याच्या एका कडेवर बोट दाबले की ती कड लोकरीत रुते आणि दुसरी कड आपसूक वर उचलली जाई. तिच्याखाली अंगठा गेला की काम झाले.

"अहो," ती म्हणाली.

"बघतोय," तो म्हणाला.

तिने मेजावरची कोंबडी पिलांसह खोक्यात भरली, मेजावर कांबळे अंथरले, आणि सांगितले, "मधल्या जाडीचा प्लाय घ्या. बारीक पातं लावा. तुकडे लहान. आणि ढिलाई दाखवलीत तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी वखारीत मेहुण्याने "आता काय?" एवढेच विचारले. "मधला," कोडेकार म्हणाला. मेहुण्याने फळीचा काठ आधी स्वतः तपासला, आत पोकळी नाही ना ते पाहिले, आणि मुकाट्याने दिली.

कोडेकाराने धुक्यातल्या बंदराचे चित्र निवडले. पाणी, आकाश आणि धुके यांत रंगाचा फरक शोधावा लागेल असे. गोंद पातळ लावला, हवेचा एकही फुगा राहू नये म्हणून चित्र लाटण्याने लाटून घेतले, आणि फळी वजनाखाली वाळू दिली. कापताना त्याने जिथे जहाजाची कड संपते नेमका तिथूनच काप नेला, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर जहाजाचा मागमूस उरणार नाही. मधल्या तुकड्यांना मुद्दाम सरळ कडा दिल्या, म्हणजे ते काठाचे वाटावेत. त्याच्या आयुष्यातील हे सर्वांत दुष्ट कोडे होते. आणि कापून झाल्यावर, पॉलिशपेपर हाताशी असताना, त्याने तो उचलला नाही. हे सर्वांत कठीण गेले. ती खडबडीत कड पाहून त्याच्या अंगावर शहारा येत होता.

ती मेजाशी बसली. तो मागे उभा राहिला.

"जा तुम्ही."

तो दाराशी गेला व परत आला.

"श्वास ऐकू येतोय तुमचा. बाहेर जा म्हटलं ना!"

तो रस्त्यावर गेला. घड्याळजीच्या दुकानापर्यंत चालला. "काय, वहिनींचा चष्मा झाला का?" घड्याळजीने विचारले; कोडेकार "होतोय" असे म्हणाला आणि उत्तर पुरे व्हायच्या आत माघारी वळला. घराशी येऊन खिडकीतून काही दिसते काय ते पाहिले. दिसत नव्हते. पुन्हा नाक्यापर्यंत गेला. तिचे हात चालत असतील काय? तुकडा पडला असेल आणि तिने पिशवी भरली असेल तर? एवढे दुष्ट कोडे करायला नको होते. त्याहून सोपे केले असते तर मात्र ती पुन्हा कधीच बसली नसती. असा दोहींकडून मार खात तो घरात शिरला.

ती बसलेली होती. काठ अर्धाही जुळलेला नव्हता. पूर्वी एवढ्या वेळात तिने आकाश भरले असते. ती एकेका कडेवर बोट दाबत होती, तुकडा वर येत होता, कधी निसटत होता, आणि निसटला की तिच्या तोंडून असा शब्द निघत होता की जो येथे छापता येत नाही. कपाळावर घाम होता. एक तुकडा खाली पडला. कोडेकार झटकन वाकला.

"हात लावू नका!" तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. ती चापट चांगलीच लागली. ती स्वतः वाकली, लादीवर तुकड्याशी झटली, आणि तो काही सापडेना, तेव्हा पायातल्या चपलेने कांबळ्याच्या लादीला टेकलेल्या टोकावर ढकलून घेतला आणि तिथून उचलला.

"बरं, एक सांगू का?" ती वर न पाहता म्हणाली. "हा सरळ कडेचा तुकडा काठाचा नाहीच आहे. मघापासून मी त्याला काठावर बसवतेय. नीच माणूस आहात तुम्ही."

"हो," कोडेकार म्हणाला.

"अजून किती आहेत असे?"

"सांगणार नाही."

"सांगू पण नका."

संध्याकाळ झाली, दिवा लावावा लागला. कोडे पुरे झाले नाही. ती उठली, कंबर सरळ केली, बोटे चोळली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. जाता जाता बजावून गेली, "मी येईपर्यंत एक तुकडा इकडचा तिकडे झाला, तर तुमची काही धडगत नाही."

कोडेकार मेजासमोर एकटा राहिला. धुक्याचा एक तुकडा तिने चुकीच्या ठिकाणी टेकवून ठेवला होता. योग्य जागा त्याला लख्ख ठाऊक होती. त्याच्या मनगटात ते वळण अजून जिवंत होते. हात शिवशिवू लागले. तेव्हा त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि आतून कपांचा आवाज येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

येथे ही कथा संपूर्ण होते. भाषेत अगर लाकडाच्या वर्णनात काही न्यून राहिले असल्यास वाचकांनी उदार अंतःकरणाने क्षमा करावी. आपला अमूल्य वेळ देऊन हे लेखन शेवटपर्यंत वाचल्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
भिवसेन रखमाजी उंबरकर